ट्रकच्या स्लीपरमध्ये सलग झोप: आपोआप सुरू होणाऱ्या इंजिनाशी कसं जमवायचं

मे महिना, कळंबोली, रात्रीचे पावणेदोन. बर्थवर उघडाबंब पडलो होतो, डोळा नुकताच लागला होता. डॅशबोर्डमधून टूं-टूं आवाज आला, मग स्टार्टरची खर्रर्र, आणि अख्खी केबिन हलली. मी ताडकन उठलो. वाटलं, कोणी गाडी पळवतोय. चावी तर लावलेलीच होती, पण ड्रायव्हरच्या सीटवर कोणीच नव्हतं.

आमच्या मालकाने दोन उन्हाळ्यांपूर्वी तीन ट्रेलरना ही सिस्टीम बसवून घेतली. केबिन तापली किंवा बॅटरी उतरली की इंजिन स्वतःच सुरू होतं, काम झालं की स्वतःच बंद. त्या पहिल्या रात्री ते नऊ वेळा सुरू झालं. झोप येतच नव्हती, म्हणून मोजत बसलो. आज त्याच गाडीत, तशाच उकाड्यात ते तीनदा सुरू होतं, नशीब चांगलं असेल तर दोनदा. तापमानाचे दोन आकडे सोडले तर सिस्टीमला कोणी हात लावलेला नाही. इंजिनाला सुरू व्हायला कारणंच कमी द्यायची, एवढं एक धोरण धरलं. ते कसं साधलं, ते झोपायच्या आधीपासून क्रमाने लिहितो.

आधी आपल्या गाडीत नेमकं काय आहे ते बघा

आपल्याकडे दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. बऱ्याच नव्या गाड्यांत असते ती फक्त बंद करणारी सोय. गाडी उभी आहे, ॲक्सिलरेटर दाबलेला नाही, ठरावीक मिनिटं झाली की इंजिन बंद. ते पुन्हा सुरू तुम्हालाच करावं लागतं. म्हणजे एसी लावून झोपलात तर थोड्याच वेळात घामाने जाग येणार. यावर तोड म्हणून ॲक्सिलरेटरवर वीट नाहीतर पाण्याची बाटली ठेवणारे महाभाग मी करळ फाट्याला पाहिलेत. असलं काही करू नका. झोपेत बाटली कलंडून पेडलखाली गेली, तर सकाळी ब्रेक दाबताना ती आठवेल.

दुसरी सोय सुरूही करते आणि बंदही. अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या ट्रकांत ती जुनी आहे. तिथे ड्रायव्हर आठवडेच्या आठवडे स्लीपरमध्ये काढतो, आणि बऱ्याच राज्यांत उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवायला मर्यादा आहेत. कॅलिफोर्नियात तर २००८ पासून स्लीपरवाल्या ट्रकलाही सहसा नुसतं इंजिन ५ मिनिटांपेक्षा जास्त चालू ठेवता येत नाही. त्यामुळे तिकडे आपोआप चालू-बंद होणारं इंजिन, वेगळं छोटं जनरेटर-इंजिन, बॅटरीवरचा एसी असे सगळे मार्ग निघाले.

आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना एसी केबिन सक्तीची झाली. चांगलंच झालं. पण हा एसी इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. इंजिन बंद, एसी बंद. म्हणून उभ्या गाडीत झोपायचं कसं, हा प्रश्न एसी आल्यावर जास्तच डोकं वर काढणार.

आपोआप सुरू होण्याआधी ही सिस्टीम काही गोष्टी तपासते: इग्निशन चालू, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, बॉनेट बंद. आपल्या बहुतेक गाड्यांना बॉनेट नसतं, इंजिन केबिनखाली असतं, म्हणून केबिन नीट बसून लॉक झालेली असावी लागते. यातलं एक जरी चुकलं तरी ती सुरू होत नाही, आणि होऊही नये. तुमच्या गाडीत या अटी कुठल्या, ते पुस्तिकेत वाचा. पुस्तिका मालकाच्या कपाटात पडलेली असते, मागून घ्या.

गाडी उभी करताना

झोप अर्धी इथेच ठरते. ठाणे शहरातून जड वाहनांना दिवसा ठरावीक वेळी बंदी असते आणि त्या वेळा बदलत राहतात. मग मानकोली, अंजूरफाटा, गायमुख, शिळफाटा, जिथे अडवलं तिथे थांबा. रात्रभर गाडी हाकलेल्या माणसाला नेमकं भर दुपारी झोपावं लागतं. अशा ठिकाणी निवडीला वाव थोडा, पण अगदीच नाही असंही नाही.

पहिल्यांदा शेजाऱ्याचा सायलेन्सर बघा. आपला नंतर. जेएनपीटी बंदराच्या रांगेत गाड्या इतक्या चिकटून उभ्या असतात की शेजारच्या गाडीच्या धुराचं तोंड आपल्या खिडकीकडेच येतं. त्याने इंजिन चालू ठेवलं तर तुमची सिस्टीम कितीही चांगली असो, धूर तुम्हीच खाणार. चार फूट पुढेमागे घ्या, किंवा त्या भावाला सांगा. मी सरळ जाऊन बोलतो: "दादा, माझं इंजिन रात्री मधेच आपोआप चालू होईल, दचकू नका. आणि तुमचा धूर माझ्याकडे येतोय, थोडं पुढे घेता का?" बहुतेक जण घेतात.

भिंतीला किंवा कंटेनरच्या थप्पीला सायलेन्सर टेकवून गाडी लावू नका, धूर तिथेच घुटमळतो. खाली वाळलेलं गवत किंवा कचरा नको. ताडपत्रीचं टोक सायलेन्सरवर लोंबत नाही ना, तेही बघा. बीएस-६, म्हणजे धुराचे नवे कडक नियम पाळणाऱ्या गाडीत फिल्टरमधली काजळी जाळण्याचं काम चालू असताना सायलेन्सरमधली उष्णता ५०० ते ६०० अंशांपर्यंत जाते.

उन्हाची दिशा सकाळी आणि चारनंतर महत्त्वाची. दुपारी तीनच्या पुढे झोपायचं असेल तर पुढची काच पश्चिमेला नको. भर दुपारी मात्र दिशेने फारसा फरक पडत नाही, कारण मेच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तेव्हा तापतो तो टप. आमच्या टपावर ताडपत्रीची घडी असतेच. मी खाली दोन लाकडी पट्ट्या टाकून तीच टपावर पसरतो आणि दोरीने आवळतो. पट्ट्यांमुळे ताडपत्री आणि पत्रा यांच्यात हवा खेळते. ही फट ठेवली नाही तर काळी ताडपत्री उलट पत्राच तापवते. निघताना ती काढायला विसरू नका. एकदा विसरलो, तर मुंब्रा बायपासला ती पतंगासारखी उडाली आणि मागच्या टेम्पोवाल्याने मला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

डोकं चढाकडे येईल अशी गाडी लावा. जागा साधारण सपाट हवी, तरीही चाकाला ठोकळा लावा.

पोचायच्या आधीचा अर्धा तास

ही माझी सगळ्यात कामाची युक्ती, आणि तिला खर्च शून्य. गाडी चालतेय तोवर एसीचा भार इंजिन तसंही उचलतच असतं. पळस्पे फाटा आला की मी बर्थचा पडदा पूर्ण उघडतो, गादी थोडी उचलून ठेवतो आणि एसीचा झोत मागे वळवतो. बहुतेक जण उलटं करतात: चालवताना पडदा ओढून पुढचंच गार करतात आणि मग तापलेल्या गादीवर आडवे होतात. गादी, उशी, मागचा पत्रा हे सगळं दिवसभराची उष्णता धरून बसलेलं असतं. हवा पाच मिनिटांत गार होते, गादीला अर्धा तास लागतो.

गाडी लावल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) थंड व्हायला दोन-तीन मिनिटं द्या. तेवढ्यात चक्कर मारून हवा, तेल, गळती बघून घ्या.

यानंतरची अडचण खास आपल्या गाड्यांची. इंजिन केबिनखाली असल्यामुळे ते बंद झाल्यावर पाऊण तास तरी खालून धग वर येत राहते. कारण पाणी फिरायचं थांबतं, पंखाही थांबतो, आणि गरम लोखंड निवांत निवत बसतं. सिस्टीमला वाटतं केबिन तापली, ती इंजिन सुरू करते, इंजिन पुन्हा तापतं. पहिल्या रात्रीच्या नऊपैकी चार वेळा हेच झालं असणार. उपाय दोन. इंजिनाच्या कव्हरवर केबिनच्या आतून एक जाड सतरंजी किंवा जुनी गोधडी दुमडून पसरा. ती इंजिनाच्या बाजूला नको, पेडलपाशीही नको. दुसरं, गिअर लिव्हरच्या मुळाचं रबर आणि पेडलच्या भोकांचे बूट तपासा. आमच्या गाडीत गिअरचं रबर एका बाजूने इतकं फाटलं होतं की हात लावला तर गरम वाफारा लागायचा. वर्कशॉपला ते दहा मिनिटांचं काम निघालं. याच फटीतून धूरही आत येऊ शकतो, म्हणून हे उद्यावर ढकलू नका.

काचा, पडदे आणि डास

पुढच्या काचेला चंदेरी पत्र्यासारखी शीट आतून घट्ट बसवा. बाजूच्या काचांना जाड कापडाचा पडदा. बर्थ आणि सीट यांच्यामधला पडदा खाली गादीपर्यंत टेकला पाहिजे. असं केलं की एसीला पूर्ण केबिनऐवजी एका खाटेएवढी जागा गार करायची असते.

उरण आणि द्रोणागिरीच्या बाजूला खाडी आणि खारफुटी, त्यामुळे संध्याकाळी डासांचा नुसता थवा. खिडकीच्या मापाची जाळी शिवून घ्या, कडेला चुंबकाची पट्टी लावून. बंद केबिनमध्ये मच्छर अगरबत्ती जाळू नका. धूर कोंडतो, आणि गादीवर ठिणगी पडली तर बाहेर पडायला वाट एकच असते.

आकडे किती लावायचे

नवा माणूस एसी अठरावर लावतो. इथली हवा दमट आहे. मेमधल्या रात्री बाहेर २७-२८ अंश असतात, पण चिकचिक असते ती घाम सुकत नाही म्हणून. एसीने हवेतलं पाणी काढलं की २६ अंशांतही गोधडी ओढावीशी वाटते. मी २६ वर ठेवतो. पंखा कमी वेगावर, कारण हवा थंड पट्टीवरून हळू गेली की जास्त पाणी सोडते.

सिस्टीममध्ये दुसरा आकडा असतो, कितीचा फरक पडल्यावर पुन्हा सुरू व्हायचं याचा. तो दोन अंशांवर असेल तर इंजिनाची सारखी ये-जा चालते. आमच्याकडे चारावर नेला: २६ ला बंद, ३० ला सुरू. तीस ऐकायला जास्त वाटतं, पण कोरडी झालेली हवा तीसपर्यंत चढेस्तोवर आपण गाढ झोपेत असतो. छोटा पंखा तोंडावर असला की तेही कळत नाही.

आणि सेन्सर कुठे आहे ते शोधा. आमच्या गाडीत तो बर्थच्या डोक्याशी, सुपारीएवढा काळा ठिपका. एका रात्री इंजिन बंदच होईना. तास झाला, दीड तास झाला, मी कुडकुडतोय आणि एसी चालूच. टॉर्च लावून बघितलं तर क्लीनरने त्याची बनियन बरोबर त्या ठिपक्यावर, खुंटी समजून, अडकवलेली. वर त्याच्याच उशाशी लावलेला फोन चार्जर गरम होऊन सेन्सरला शेकत होता. "काका, मला काय माहीत ते काय आहे!" त्याचंही बरोबर होतं, मी सांगितलंच नव्हतं. आता त्याच्याभोवती लाल टेपचा चौकोन आहे.

बॅटरीचा हिशेब

सिस्टीम केबिनच्या उष्णतेसाठी जशी सुरू होते, तशी बॅटरीसाठीही. उरलेल्या निम्म्या वेळा याच कारणाने जाग येते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही.

आपल्या मोठ्या गाड्या २४ व्होल्टच्या, म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडलेल्या. इंजिन बंद करून तासाभराने मीटर लावलात तर भरलेली जोडी २५.२ ते २५.४ दाखवते. २४.४ म्हणजे साधारण निम्मी उतरली. बऱ्याच सिस्टीम याच सुमारास इंजिन सुरू करतात. इंजिन चालू असताना २७.५ ते २८.५ दिसले पाहिजेत, कमी दिसले तर अल्टरनेटर (बॅटरी भरणारं यंत्र) किंवा पट्टा दाखवा.

२४ व्होल्टचा छोटा पंखा सुमारे १ अँपिअर खातो, आठ तासांत ८ अँपिअर-तास. १५० अँपिअर-तासांच्या जोडीला हे काहीच नाही. इन्व्हर्टरवरचा घरगुती टेबल फॅन मात्र तिप्पट ओढतो. बॅटरीवर चालणारा छतावरचा एसी ६०० वॅटचा धरला तर २५ अँपिअर. १५० अँपिअर-तासांच्या जोडीतले निम्मेच वापरायचे म्हटलं तर सलग तीन तास. दुकानदार "रात्रभर चालतो" म्हणतो तेव्हा वेगळ्या मोठ्या बॅटऱ्या धरून म्हणतो, ते विचारून घ्या.

वर्षानुवर्षांच्या बॅटऱ्या असतील तर दोन्ही एकदम बदला. एक नवी आणि एक जुनी अशी जोडी लावली की जुनी नवीला ओढत खाली नेते. आणि टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुऊन ग्रीस लावा. आमच्याकडे एवढ्यानेच रात्रीचा एक स्टार्ट कमी झाला.

जिवाशी खेळ होतो तिथे

इथे मी गंमत करणार नाही.

गेल्या पावसाळ्यात एका गॅरेजने केबिनचा लॉक-स्विच बिघडला म्हणून तो वायर जोडून सरळ करून टाकला. मला सांगितलं नाही. दोन दिवसांनी क्लीनर केबिन उचलून पट्टा बघत होता, इग्निशन चालू राहिलेलं, सिस्टीम चालू राहिलेली. टूं-टूं झालं. तो आवाज ओळखीचा असल्यामुळे त्याने हात मागे घेतला, आणि पंखा फिरला. स्विच ठीक असता तर इंजिन सुरूच झालं नसतं. तेव्हापासून नियम एकच: केबिन उचलायची तर आधी सिस्टीम बंद, मग चावी काढून खिशात. गॅरेजमधून गाडी आली की केबिन उचललेली असताना सिस्टीम सुरू होत नाही ना, हे लांब उभं राहून तपासतो. केबिनच्या लॉकजवळ पांढऱ्या रंगात लिहून घेतलंय: "इंजिन आपोआप सुरू होतं".

दुसरा धोका दिसत नाही आणि वासही येत नाही. कार्बन मोनॉक्साइड. डिझेल इंजिनात तो पेट्रोलपेक्षा कमी निघतो, पण सायलेन्सरचा जोड फुटला, गॅस्केट गळकं असलं किंवा धूर केबिनखाली कोंडला तर झोपलेल्या माणसाला तेवढाही पुरतो. पाण्यात उभ्या गाडीत, सायलेन्सरचं तोंड बुडतंय अशा जागी सिस्टीम चालू ठेवून झोपू नका. पावसाळ्यात अंडरपासजवळ, सखल पार्किंगमध्ये हे सहज होतं. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो, तो डोक्याशी लावा. तो लावल्याशिवाय ही सिस्टीम रात्री वापरू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. सायलेन्सरच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवा, जाळीसकट. थोडी गार हवा जाते, जाऊ द्या.

डोकं जड, मळमळ, गरगरणं, आणि दोघांनाही एकदमच होतंय, तर जेवण बाधलं म्हणून पडून राहू नका. दारं उघडा, जमलं तर इंजिन बंद करा, बाहेर मोकळ्या हवेत या, १०८ ला फोन करा. बाहेर आल्यावर बरं वाटलं तरी डॉक्टरला दाखवा.

काजळीच्या फिल्टरचा दिवा लागलेला असेल तर त्या रात्री सिस्टीमवर झोपू नका. तासन्‌तास नुसतं चालणारं इंजिन पुरेसं तापत नाही, फिल्टरमध्ये काजळी साचत जाते. दिवा आधी पुस्तिकेप्रमाणे घालवा.

आवाज

इंजिनाच्या आवाजाची सवय आठवड्यात होते. सवय होत नाही ती खडखडाटाची. जॅक, पान्हे, स्टीलचा डबा, स्टोव्ह, दाराच्या कप्प्यातली चिल्लर. एका रात्री इंजिन सुरू ठेवून टॉर्च घेऊन बसा आणि एकेक वस्तू दाबून बघा. आमच्याकडे सगळ्यात जास्त वाजत होता देवाच्या तसबिरीमागचा सुटलेला स्क्रू. गादीखाली रबरी मॅट टाकली की थरथर बरीच मरते. कानात फोमचे बोळे घालायला हरकत नाही, पण कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्यातूनही ऐकू येतो का, ते दाबून बघा.

मालकाशी डिझेलचं बोलणं

मोठं इंजिन उभ्याउभ्या एसीसकट तासाला साधारण दीड ते तीन लिटर पितं. दोन धरा. आठ तास चालू ठेवलं तर १६ लिटर, लिटरला ९० रुपये धरले तर १,४४० रुपये. आमच्या नऊ वेळांच्या रात्री इंजिन एका वेळी अठरा-वीस मिनिटं चालत होतं, म्हणजे तीन तासांच्या आत, सहा लिटरच्या आत. आताच्या तीन वेळांत तास-सव्वा तास, अडीच लिटर. मी वही ठेवलीय: तारीख, जागा, किती वेळा सुरू झालं, सकाळचे व्होल्ट. डिझेलवरून मालक कुरकुरला की वही पुढे करतो. ताडपत्रीच्या पट्ट्या, जाळी आणि अलार्मचे पैसे याच वहीवर मंजूर झाले.

सकाळी डोळे उघडल्यावर पहिला हात सिस्टीमच्या बटणावर जातो. ती बंद केल्यावरच क्लीनरला हाक मारायची, कारण तो उठला की सरळ चहाचं पातेलं काढायला केबिनच्या खालच्या पेटीशी जातो. मग व्होल्ट बघायचे, वहीत लिहायचे. काल तळोज्यात दोनदा सुरू झालं, सकाळी २४.९.